वजन उतरवलं तर तळपायांची आग आणि बधिरपणा जातो का?

गिरणीवाला_कराड

नमस्कार मंडळी. वय ५३, कराडजवळच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे. शुगर निघून नऊ वर्षं झाली. उंची साडेपाच फूट, वजन ८८ किलो. परवाच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ९.६ आलं.

दोन्ही तळपायांची रात्री भयंकर आग होते. दिवसा गिरणीत उभा असतो तेव्हा तेवढं जाणवत नाही, पण अंथरुणाला पाठ टेकली की चटके सुरू. चादर पायावरून सरकली तरी सहन होत नाही. मग उठून शहाबादी फरशीवर तळवे टेकून बसतो. शिवाय बोटांना बधिरपणा आहे. चालताना चप्पल पायातून निसटते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं.

डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन ही गोळी रात्री सुरू केली आणि दहा किलो वजन उतरवा म्हणाले. शुगरच्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, पहिल्यापासून चालू आहेत. गावातले एक जण म्हणतात की एकदा नस मेली की मेली, वजन उतरवून काही व्हायचं नाही. मेहुणा म्हणतो दहा किलो उतरव, सगळं साफ होतं. खरं काय?

आठवडाभर रात्रीचं जेवण बंद ठेवलंय. पहाटे शाळेच्या मैदानात दव पडलेल्या गवतावर अनवाणी चालतो. रात्री घरची मंडळी गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेकतात, नंतर तूप लावून काशाच्या वाटीने तळवे घासतात. त्यानं तासभर बरं वाटतं.

वजन उतरवून कुणाच्या पायांना खरंच गुण आलाय का? किती काळात? आग जाते की बधिरपणापण जातो? एवढा खटाटोप कशासाठी करायचा हे नीट समजलं तर मी करीन, मागे हटणारा माणूस नाही.

तुषार_नाशिक

माझ्या वडिलांचं वजन गेल्या पावसाळ्यापासून ११ किलो उतरलंय, तेही काही न करता. पायांना मात्र काडीचा फरक नाही, उलट चटके वाढले. त्यामुळे वजनाचा आणि नसांचा संबंध आहे असं मला तरी वाटत नाही.

शालन_मिरज

भाऊ, मी ६२ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मधुमेह पंधरा वर्षांचा. तुम्ही लिहिलीय तशीच आग मला होती. माझं वजन ७९ वरून ६७ वर आलं, एचबीए१सी ९.२ वरून ६.८ वर. आग पुष्कळ कमी झाली. बधिरपणा बहुतेक होता तिथेच आहे. आणि तरीही मी तुम्हाला वजन उतरवा असंच सांगणार आहे. का, ते खाली लिहिते, पण त्याआधी दोन तातडीच्या गोष्टी.

ग्लिमेपिराइड घेऊन रात्रीचं जेवण बंद करू नका. ही गोळी तुम्ही जेवलात की नाही हे पाहत नाही, ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतेच. झोपेत शुगर ७० च्या खाली गेली तर घाम फुटेल, छाती धडधडेल, आणि गाढ झोपेत असाल तर कुणाला कळणारही नाही. जेवण कमी करायचंय हे डॉक्टरांना उद्याच सांगा आणि गोळीचा डोस त्यांच्याकडून ठरवून घ्या. माझं वजन उतरत गेलं तशी ही गोळी त्यांनीच हळूहळू कमी करून बंद केली.

दुसरं, अनवाणी चालणं आणि गरम पाण्याचा शेक आजपासून थांबवा. पायातली चप्पल गेलेली ज्याला कळत नाही त्याला बाभळीचा काटा घुसलेलाही कळणार नाही. दवाने पायाला गार वाटतं हे खरं, पण ते गार वाटणं फार महागात पडू शकतं. शेकाचं तर विचारूच नका. आमच्या शेजारच्या आजोबांनी घंगाळातल्या पाण्यात पाय घातले, त्यांना ते कोमट वाटलं, आणि बाहेर काढले तेव्हा घोट्यापर्यंत फोड. ती जखम भरायला पुढचा उन्हाळा उजाडला. पाय धुवायचं पाणी घरच्यांनी आपल्या कोपराने पाहावं, तुमच्या पायाने नव्हे.

काशाच्या वाटीला मात्र माझी हरकत नाही. नस काही त्याने सुधारत नाही, पण हलक्या हाताने घासलं तर बरं वाटतं आणि झोप लागते. भेगा किंवा जखम असेल तिथे वाटी फिरवू नका, आणि बोटांच्या बेचक्यात तूप राहू देऊ नका, ओल राहिली की बुरशी धरते. मला त्यातला खरा फायदा वेगळाच दिसतो. वहिनी रोज तुमचे तळवे हातात घेतात. वाटी फिरवण्याआधी त्यांना चांगल्या उजेडात तळवा, टाच, बेचकी सगळं बघायला सांगा. लाल डाग, फोड, घट्ट झालेलं कातडं, रुतलेलं काहीही. जे तुम्हाला जाणवणार नाही ते त्यांना दिसेल.

आता वजनाचं. पायाच्या बोटापर्यंत जाणारा मज्जातंतू सुरू होतो कंबरेत, मणक्याच्या शेजारी. त्याची पेशी तिथे बसलेली आणि तिचा धागा मीटरभर लांब. एवढ्या लांब धाग्याला रसद पुरवायची म्हणजे जिवावरचं काम. शुगर जास्त, रक्तात चरबी जास्त, बारीक रक्तवाहिन्या खराब, असं सगळं एकत्र आलं की आमच्याकडे कालव्याला पाणी कमी पडल्यावर जसं टेलचं शेत आधी सुकतं तसं आधी बोटांचं टोक जातं. तिथून ते वर चढतं. गुडघ्याजवळ आलं की हाताच्या बोटांतही मुंग्या सुरू होतात, कारण मणक्यापासून मोजलं तर लांबी तेवढीच पडते.

नुसती शुगर हेच कारण असतं तर नुसत्या गोळ्यांनी काम भागलं असतं. पण पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, रक्तदाब यांचाही वाटा मोठा आहे. आपल्यासारख्या टाइप २ वाल्यांत तर लठ्ठपणा हे शुगरच्या खालोखालचं कारण धरतात. शुगर अजून मधुमेहाच्या हद्दीत गेलेलीही नाही, नुसती काठावर आहे, आणि पोट सुटलंय, अशा माणसांनाही तळपायांची आग होते ती यामुळेच. वजन उतरलं की हे सगळे आकडे एकदम खाली येतात. माझं ट्रायग्लिसराइड २९० होतं, ते १५५ झालं, त्यासाठी वेगळी गोळी लागली नाही.

बधिरपणा राहिला असं म्हणते ते मोजून म्हणते. आमच्या डॉक्टरांकडे डोळे मिटून पडायचं असतं. मग ते नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्याला सरळ टेकवतात आणि तो वाकेपर्यंत दाबतात. वाकला की दहा ग्रॅमचा दाब पडतो, असा तो बनवलेलाच असतो. लागलं की आपण ‘हो’ म्हणायचं. पहिल्यांदा मी डोळे मिटून वाट पाहत पडले होते, अजून सुरू का करत नाहीत म्हणून. विचारलं तर म्हणाले, दोन्ही अंगठे आणि चवडे झाले माझे बघून. मला काहीही कळलं नव्हतं. त्यानंतर कंपन मोजायचं यंत्र, बायोथेसिओमीटर. ते अंगठ्याला टेकवून व्होल्ट वाढवत नेतात. कंपन कळायला २५ व्होल्टच्या वर जावं लागलं तर त्या पायाला जखमेचा धोका जास्त धरतात. माझा उजवा अंगठा ३४ ला होता. बारा किलो उतरवल्यावर ३१. बस्स, एवढंच. दोरा आता डाव्या चवड्यावर कळतो, अंगठ्यांना अजूनही नाही.

आग मात्र मी रोज झोपताना दहापैकी किती ते वहीत लिहीत असे. आठ-नऊ असायची. आता दोन-तीन, पुष्कळ रात्री शून्य. प्रीगॅबालिनचा डोस डॉक्टरांनी अर्ध्याहून कमी केला. आणि हो, ही गोळी स्वतःच वजन वाढवू शकते, पायावर सूजही आणते. वजन उतरता उतरत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ड्युलोक्सेटिनसारखा दुसरा पर्याय असतो. एकदम मात्र बंद करू नका.

एक गोष्ट इथे सगळ्यांनी लक्षात घ्यावी, कारण यात माणसं फसतात. आग दोन कारणांनी थांबते. एक, धागे सावरले म्हणून. दुसरं, उरलेले धागेही गेले म्हणून. दुसऱ्या प्रकारात माणूस खूश असतो की दुखणं गेलं, आणि तोच पाय सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून आग कमी झाली तरी दोऱ्याची तपासणी वर्षातून एकदा हवीच, आपल्यासारख्यांना तर वर्षातून दोन-तीनदा करतात.

खाण्याचं विचारलं नाहीत पण सांगते. भाकरी खा हा सल्ला सगळे देतात. ज्वारीची म्हणून तीन खाल्ल्या तर शुगर वाढणारच. मी ताटातला क्रम बदलला. आधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि वाटीभर मटकीची उसळ, मग एक भाकरी आणि पालेभाजी. भात घरात शिजतो, माझ्या ताटात दोन घास पडतो. सकाळच्या पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं. चार वाजताच्या चहाबरोबरची खारी सुटायला मला सर्वांत त्रास झाला, खरं तर त्या चहात साखर दोन चमचे होती तीही गेली. संकष्टीला साबुदाणा करत नाही. दही, काकडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे. सुरुवातीला सासूबाई नाराज होत्या, आता त्याही तेच खातात. पहिले काही किलो झटकन उतरले, मग महिनोन्महिने काटा जागचा हलला नाही, आणि त्याच काळात आग कमी होत होती. त्यामुळे वजनकाट्याकडे बघून धीर सोडू नका. व्यायामाचा स्वतःचा वेगळा उपयोग होतो, वजन हलो न हलो.

चालणं मी जेवणानंतर पंधरा मिनिटं करते, बूट-मोजे घालून, आमच्याच गल्लीत. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, ओट्याला धरूनच एका पायावर उभं राहणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं. बधिर पायाने तोल जातो, रात्री बाथरूमला जाताना भिंतीला धरावं लागायचं. तो तोल सुधारला. वजनापेक्षाही याचा मला जास्त आनंद आहे, कारण माझ्या वयाला खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय ते आजूबाजूला पाहिलंय.

आणि बी-१२ तपासा. तुम्ही नऊ वर्षं मेटफॉर्मिनवर आहात. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होतं, त्यात शाकाहारी असाल तर आधीच कमी. बी-१२ कमी पडलं तरी पायांत अशाच मुंग्या आणि बधिरपणा येतो, आणि सगळे तो मधुमेहाच्या खात्यावर टाकतात. माझं १४० निघालं होतं, इंजेक्शनं घ्यावी लागली. आता मला आलेला गुण वजनाचा किती, शुगरचा किती आणि बी-१२ चा किती, हे वेगळं काढून दाखवणं शक्य नाही. तिन्ही एकाच वर्षात झालं.

तुषार, तुमच्या वडिलांना लवकर डॉक्टरकडे न्या. काही न करता ११ किलो उतरणं चांगलं नाही. शुगर लघवीवाटे वाहून जाते आणि शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं, तेव्हा असं होतं. त्यात नसांचं नुकसान वाढतंच. शुगर, थायरॉइड, आणि इतर कारणंही बघायला हवीत.

पायतपासणी_पुणे

शालनताईंनी इतकं व्यवस्थित लिहिलंय की मी थोडीच भर घालते. मी पुण्यात मधुमेहाच्या पायांच्या ओपीडीत काम करते, दोरा आणि बायोथेसिओमीटर रोजचंच.

धागे दोन प्रकारचे असतात. बारीक धागे आग, दुखणं, गार-गरम कळवतात. जाड धागे कंपन आणि तोल. बारीक धागे कातडीत नव्याने फुटू शकतात, जाड धागे सावरायला फार कठीण. म्हणून ताईंची आग गेली आणि अंगठ्याचा ३४ चा ३१ च झाला. नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी एनसीव्ही तपासणी जाड धाग्यांचीच असते. त्यामुळे आग होत असताना एनसीव्ही नॉर्मल येऊ शकते, आणि रुग्णाला ‘तुम्हाला काही नाही’ असं ऐकावं लागतं. आग खरी असते.

संशोधनही याच दिशेने बोलतं. अमेरिकेत युटामध्ये ३२ जणांवर एक छोटा अभ्यास झाला होता, २००६ साली प्रसिद्ध झाला. शुगर काठावर आणि पायांत न्यूरोपॅथी, म्हणजे नसांचा हा आजार, असलेली माणसं. वर्षभर आहार आणि व्यायाम. आधी आणि नंतर कातडीचा बारीक तुकडा काढून धागे मोजले. ते थोडे वाढले होते, मांडीत जास्त, पायात कमी, आणि दुखणंही कमी झालं. लुक अहेड हा अमेरिकेतलाच एक मोठा अभ्यास, वजन जास्त असलेले ५,१४५ मधुमेही. आहार-व्यायामाच्या गटात काही वर्षांनी पायांच्या तक्रारी कमी होत्या, आणि ज्यांचं वजन जास्त उतरलं त्यांना जास्त गुण. पाय तपासून पाहिले तेव्हा मात्र दोन गटांत फारसा फरक नव्हता. मिशिगन विद्यापीठाने लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी लोक तपासले, २०२३ साली ते छापून आलं. मांडीतले धागे वाढले, पोटरीखालचे वाढले नाहीत पण घटलेही नाहीत. न्यूरोपॅथी दरवर्षी पुढे सरकणारा आजार आहे, त्यात न घटणं हीच मोठी कमाई.

टाइप १ मध्ये शुगर कडक ठेवली की न्यूरोपॅथीचा धोका साधारण ६० टक्क्यांनी कमी झाला, हे डीसीसीटी अभ्यासात १९९३ सालीच दिसलं. टाइप २ मध्ये नुसत्या शुगरवर तेवढा फायदा मिळत नाही. म्हणून तर डॉक्टर वजनावर बोलतात.

कराडच्या भाऊंना आणखी एक. तुमचं एचबीए१सी ९.६ आहे. ते तीन महिन्यांत दोन अंकांपेक्षा जास्त खाली ओढू नका. एकदम उतरलेल्या शुगरने बारीक धागे चिडतात आणि आग आधीपेक्षा भयंकर वाढते, महिनोन्महिने राहते. आमच्याकडे असे रुग्ण येतात, बहुतेक सगळे कुठला तरी कडक प्रयोग करून आलेले. डोळ्यांच्या पडद्यालाही त्यातून त्रास होऊ शकतो. पडदा आधी तपासून घ्या, मग सावकाश उतरवा. वर्षभराचा हिशेब ठेवा. नस वाढायची म्हटली तरी चांगल्यात चांगल्या अवस्थेत दिवसाला एखादा मिलिमीटर, मधुमेहात त्याहून कमी.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३१ च्या पुढे जातो. आपल्या लोकांत २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा. इथे वाचणाऱ्या बारीक लोकांनी मात्र हे वाचून उपाशी राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं हेच दाखवलंय की आपल्याकडे काडीसारखे हातपाय आणि आत चरबी अशी शरीरं असतात. त्यांना वजन नाही, स्नायू कमवायचे असतात. डाळी, अंडी, आणि जोर लावायचे व्यायाम.

तंबाखू असेल तर ती आधी. मिश्रीसुद्धा. आणि दारूही, कारण ती मज्जातंतूंना स्वतंत्रपणे मारते. एक पाय अचानक सुजला, लाल झाला, हाताला गरम लागतोय आणि दुखत मात्र नाही, असं कधी झालं तर चालणं बंद करून त्याच दिवशी दाखवा. आतली हाडं ढासळत असू शकतात.

माधुरी_ठाणे

सध्या ती आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं आली आहेत, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड. माझ्या भावाला डॉक्टरांनी सुचवलंय. त्याने पाय बरे होतील का?

पायतपासणी_पुणे

वजन आणि शुगर दोन्हींवर चांगला परिणाम आहे. पण मज्जातंतूंचं औषध म्हणून ती दिली जात नाहीत, त्यामुळे ‘पाय बरे होतील’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वजन उतरल्याचा जो फायदा वर लिहिलाय तो मिळू शकेल. शुगर वेगाने उतरते म्हणून डोळ्यांचा पडदा आधी तपासायलाच हवा. भूक जाते, तेव्हा डाळ-अंडी-पनीर कमी पडू देऊ नका, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि बधिर पायांचा तोल आणखी बिघडतो. भाऊ आधीच ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिनवर असेल तर डोस डॉक्टरांकडून पुन्हा बसवून घ्या.

गिरणीवाला_कराड

ताई, दोघींचे आभार मानावे तेवढे थोडे. रात्रीचं जेवण पुन्हा सुरू केलं. डॉक्टरांना फोन केला, ग्लिमेपिराइड निम्मी केली. बी-१२ तपासलं, १६२ निघालं. इंजेक्शन सुरू झालंय. घरच्यांनी वाटी फिरवण्याआधी बॅटरी लावून पाहिलं तर उजव्या टाचेत दगडाची चीप निघाली. गिरणीच्या दगडाला टाकी लावतो तेव्हा चिपा उडतात, कधी घुसली देव जाणे. आत पू झाला नव्हता, दवाखान्यात काढून आणली.

दोन शंका आहेत. गिरणीत पाच-सहा तास उभं राहणं हा व्यायाम धरायचा का? आणि आषाढीला आमच्या गावची दिंडी पंढरपूरला जाते. वडिलांपासूनची आहे, मी चुकवलेली नाही. यंदा जाऊ की नको?

शालन_मिरज

चीप निघाली हे वाचून वहिनींना नमस्कार सांगावासा वाटला.

उभं राहणं हा व्यायाम नाही. उलट एकाच जागी उभं राहिल्याने चवड्यावर आणि टाचेवर दाब साचतो. दर अर्ध्या तासाने खुर्चीवर बसा, पाय वर घ्या, घोटे फिरवा. गिऱ्हाईक थांबेल. गिरणीत चप्पल नकोच. बंद बूट घाला, आतून शिवण नसलेला, आणि सुती मोजे. पांढरे मोजे घ्या, कुठे रक्त आलं तर लगेच दिसतं. बूट पायात घालण्याआधी उलटा करून झटका आणि आत हात फिरवा, तुमच्या धंद्यात तर ते हवंच. खरेदी संध्याकाळी करा, पाय तेव्हा सुजलेले असतात. तुम्हाला घट्ट कळणार नाही म्हणून कागदावर उभं राहून पावलाची आकृती काढा, कापा आणि ती बुटात घालून बघा. दुमडली तर बूट लहान. घरात मागे पट्टा असलेली एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची, चप्पल वापरा, मग निसटायचा प्रश्न मिटला. टाकी लावायचं काम जमल्यास दुसऱ्याकडून करून घ्या.

दिंडीबद्दल. टाचेची जखम पूर्ण भरली असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर जा. पायाला जखम नसेल आणि पादत्राण चांगलं असेल तर बधिर पायांनीही चालता येतं, चालणं पूर्वीसारखं बंद करून बसवत नाहीत. पण आषाढीच्या आदल्या दिवशी उठून वीस किलोमीटर चालता येणार नाही. आतापासून थोडं थोडं वाढवत न्या, त्याच बुटांत. नवीन बूट दिंडीत पहिल्यांदा घालू नका. प्रत्येक मुक्कामाला मोजे काढून तळवे बघा, आरसा बरोबर ठेवा, मोजे बदला. पावसात भिजलेल्या मोज्यांनी पुढचा टप्पा करू नका. फोड आला की त्या दिवशी गाडीत बसायचं, दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतोच. गोळ्या आणि खडीसाखर कमरेच्या पिशवीत ठेवा, वाटेत उशिरा जेवण मिळालं तर शुगर उतरू शकते. आणि पंगतीला भात-आमटी-बुंदी असते, तिथे आमटी आणि भाजी जास्त मागून घ्या, भात एकदाच. वाढणारे वारकरी आग्रह करतात, त्यांना सरळ सांगा की शुगर आहे, कुणी रागावत नाही.

देवळात मोजे घालून आत जा. उन्हात तापलेल्या दगडी फरशीवर अनवाणी उभं राहून पोळलेले तळवे मी पाहिलेत. अडवलं कुणी तर आजार सांगा.

तीन महिन्यांनी एचबीए१सी काय आलं ते इथे लिहा. ८ च्या आसपास आलं तरी पुरेसं आहे, त्याहून घाई नको.